लेपाखालचं काम

"ताई, हे काम तुमचंच ना?"

ऋत्विकनं ॲल्युमिनियमची डबी काउंटरवर ठेवली. ठेवली म्हणजे आपटलीच.

पुष्पांजलीनं हातातलं मिक्सरचं भांडं बाजूला सारलं. डबी ओळखीची होती. ऋत्विकची खामगावात तेलाची मिल, पण जीव सगळा त्या लाल, दोन माणसांच्या जपानी स्पोर्ट्स कारमध्ये. गाडी जुनी, तिचा मूळ कॉम्प्युटर कधीच गेलेला, म्हणून बाहेरून मागवून दुसरा बसवलेला. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे सगळं या डबीतून चालायचं. आणि गाडीचं सगळं पाहायचा शेखर. पुष्पांजलीचा धाकटा भाऊ. नांदुरा रोडला त्याचं गॅरेज होतं.

"माह्यंच," ती म्हणाली. "काऊन, काय झालं?"

"भर रस्त्यात बंद पडली. गाडीत होणारे सासरे बसले होते माह्ये! ट्रॅक्टरले दोर बांधून आणली, पाहा, तुमच्याच दारात उभी हाये." त्यानं घाम पुसला. "शेखरभाऊले फोन केला तं म्हणे, ते काम ताईचं, ताईले विचारा. अन् मागच्या महिन्यात गाडी मक्खन चालली तवा मले सांगतलं, का बोर्ड पुण्याहून करून आणला म्हणून!"

गाडी चालली तेव्हा काम पुण्याचं, बंद पडली तेव्हा खामगावच्या ताईचं. पुणं सोयीचं गाव आहे, पुष्पांजलीच्या मनात आलं. तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"बसा," ती म्हणाली, आणि शेखरला फोन लावला. "दुकानात ये. आत्ता."

शिक्षण म्हणाल तर तिचं बारावी, तेही कॉमर्स. वडील गेल्यावर त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद करायचं ठरलं होतं; ही नुसती झाडायला म्हणून आली आणि शेतातल्या पंपांचे विजेचे पॅनल उघडत उघडत शिकली. मागच्या महिन्यात शेखर हीच डबी घेऊन आला होता. गाडी उभी राहिली की इंजिन धडधडून बंद पडायचं. हवेच्या व्हॉल्व्हला चालवणारा ट्रान्झिस्टर सारखा जळत होता, शेखरनं दोनदा बदलला होता. तिनं डबीतला बोर्ड भिंगाखाली धरला आणि दहा मिनिटांत बोट ठेवलं. "अरे, व्हॉल्व्हची कॉइल बंद होताना विजेची उलटी लाथ मारते. आपल्या पंपाच्या रिलेले ती लाथ अडवायले डायोड असते ना आडवा? इथं तो देल्लाच नाई."

तिनं डायोड टाकला. नवा ट्रान्झिस्टर डबीच्या अंगाला स्क्रूनं घट्ट आवळला, म्हणजे उष्णता पत्र्यात उतरेल. तीनदा बजावलं, हा स्क्रू सोडू नको. मग बोर्डाच्या खालच्या बाजूला बारीक मार्करनं तारीख आणि 'पु' लिहिलं. तिच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक बोर्डावर ते असायचं. बोर्ड परत आला तर आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारली जाऊ नये, एवढ्यासाठी.

आता झाकण उघडलं तर आत काळंकुट्ट. इपॉक्सीचा घट्ट लेप ओतलेला, डायोडपासून ट्रान्झिस्टरपर्यंत. आपलं काम कुणी पाहून उचलू नये म्हणून काही मिस्तरी असा लेप ओततात. तिनं कधी ओतला नव्हता.

गरम हवा मारून, बांबूच्या काडीनं ती लेप टोकरू लागली. निम्मा निघाला तेव्हा शेखर आला. ऋत्विकला पाहून दारातच थबकला.

"हे कोणं ओतलं?" पुष्पांजलीनं विचारलं.

"सेफ्टीसाठी ओतलं ना ताई. पाणीबिणी जाते."

"अन् स्क्रू?"

"स्क्रूनं लेप बरोबर बसत नव्हता. काढला मंग."

ट्रान्झिस्टर पत्र्यापासून उचकला होता, मध्ये लेप शिरला होता. उष्णता जाणार कुठं? जळून काळा पडला होता बिचारा.

इथपर्यंत ठीक होतं. तिनं बोर्ड उलटा केला.

'पु' नव्हता. तारीख नव्हती. ब्लेडनं खरवडून काढलेलं, इतकं की हिरवा थर जाऊन खालचं तांबं दिसत होतं.

"काय हो ताई?" ऋत्विक पुढं वाकला. "चूक कोणाची, ते तं सांगा."

एक वाक्य तिच्या ओठावर तयार होतं. पार्टच खराब निघाला. असली वाक्यं तिच्याकडं कायम तयार असत. वडिलांची स्कूटर शेखरनं नालीत घातली तेव्हा ती म्हणाली होती, मीच घेऊन गेली होती. आजही तेवढं म्हटलं असतं तर शेखरचं गॅरेज वाचलं असतं. तिचं नाव गेलं असतं, पण ते तर ब्लेडनं आधीच गेलं होतं.

तिनं ते वाक्य गिळलं.

"तू स्क्रू काढला, ती चूक होये," ती शेखरला म्हणाली. "चुकते माणूस. पण हे चुकून नाई होत रे."

"ताई, लोकं हसतात ना! एवढ्या गाडीचा कॉम्प्युटर खामगावात एक बाई करते म्हतलं तं कोण भरोसा ठेवीन?"

"जळाल्यावर माह्यं नाव सांगतलं, तवा ठेवला ना? लगेच ठेवला."

पुष्पांजलीनं भिंगाचा दिवा ऋत्विककडं फिरवला. "पाहा. हा डायोड माह्या. तो जसाच्या तसा हाये. हे वरचं काळं शेखरचं. अन् इथं माह्यं नाव होतं."

ऋत्विकनं पाहिलं. शेखरकडं मात्र पाहिलं नाही.

तिनं दुसरा ट्रान्झिस्टर लावला, स्क्रू आवळला. उघडं पडलेलं तांबं गंजू नये म्हणून पर्समधली लाल नेलपॉलिश काढून त्यावर एक हात फिरवला.

डबी शेखरनंच गाडीत बसवली, डॅशबोर्डखाली डोकं घालून. पहिल्याच चावीला इंजिन लागलं. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा नऊशेवर येऊन थांबला, हलला नाही.

"पुढच्या खेपेले डबी सरळ तुमच्याकडंच आणू ना?" ऋत्विकनं शेखरसमोरच विचारलं.

"आणा," ती म्हणाली.

गाडी गेली. शेखरचे हात कोपरापर्यंत ग्रीसनं भरले होते. हात धुवायला तो नेहमीसारखा आतल्या मोरीकडं निघाला. तेवढ्यात पुष्पांजली पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर आली.

"इथंच धर हात," ती म्हणाली.

तो तिच्याकडं पाहत राहिला. मग एक पायरी खाली उतरला आणि त्यानं ओंजळ पुढं केली. पाहुण्याच्या हातावर घालतात तसं ती पाणी घालत राहिली, बेतानं, एकही शिंतोडा त्याच्या कपड्यांवर उडू न देता.