लच्छूशेजारची जागा

गोकुळाला पोरीसाठी, दामिनीसाठी, देवाधर्माच्या संस्थेचीच शाळा हवी होती. सावली गावात त्या शाळेचं नाव होतं. रोज प्रार्थना, गीतेचा अध्याय, धुतलेले कपडे, तोंडात शिवी नाही. मासे धरणाऱ्या ढिवराच्या पोरीला आणखी काय पाहिजे? नवरा मनसाराम तळ्यावर जाता जाता म्हणाला, "तुले पटते तं टाक." शाळेच्या बाई, इंदुताई म्हणाल्या, दामिनीला एक दिवस चौथीत बसवून पाहा, मग पाचवीचा फॉर्म द्या.

एप्रिलची सकाळची शाळा, आणि चार दिवसांवर मतदान. गोकुळा भरलेला फॉर्म घेऊन व्हरांड्यात बसली होती. अध्याय संपला तसं इंदुताईंनी गोड हसून विचारलं, "आपल्या निशाणीला कोणाकोणाच्या घरचं मत?" सगळे हात भर्रकन वर. एकच पोरगी मांडीवर हात ठेवून बसली, लच्छू. तिचा बाप दुसऱ्या पक्षाचा प्रचार करत होता. बाई तिच्याकडे पाहून हसल्या आणि फळ्याकडे वळल्या. देवाच्या नावानं चाललेल्या शाळेत हे कशाला, असं गोकुळाच्या मनात आलं, पण ती फॉर्म धरून तशीच बसली.

दहा वाजता खिचडीची पंगत बसली. लच्छू बसली तशी डावीकडच्या पोरीनं ताट सरकवलं, मग उजवीकडचीनं. दोन्हीकडे दोन-दोन हात जागा मोकळी. ना कोणी ओरडलं, ना कोणी सांगितलं. इंदुताईंनी पाहिलं आणि त्या वाढत पुढे गेल्या.

ही मोकळी सोडलेली जागा गोकुळाला चांगली माहीत होती. तिच्या बापानं पंचांनी ठरवलेल्या माणसाला मत दिलं नाही म्हणून वर्षभर त्याला जातीबाहेर ठेवलं होतं. सगळ्यांनी मिळून टाकलेल्या मोठ्या जाळ्यातल्या मासळीचा वाटा बंद. लग्नाच्या पंगतीत बाप बसला की सख्खे भाऊ पत्रावळ उचलून लांब जात. ते पंच अंगठेबहाद्दर होते. इथे तर अध्याय पाठ असलेली लेकरं तेच करत होती, आणि वर हात जोडून श्लोक म्हणत होती. शी!

तेवढ्यात दामिनी ताट घेऊन आली. सकाळभर ती लच्छूच्याच पेन्सिलीनं लिहीत होती. तिनं पंगत पाहिली आणि पार पलीकडच्या टोकाला जाऊन बसली.

गोकुळा उठून तिच्याजवळ गेली. "तिकडं जागा हाये न, लच्छूपाशी."

"नाई. तिनं हात वर नाई केला."

"अन् तू केला?"

"सगळ्यायनंच केला."

"आपल्या घरचं मत कोणाले हाये, मालूम तरी हाये का तुले?"

"नाई," दामिनी म्हणाली आणि खिचडी खाऊ लागली.

मागून इंदुताई कौतुकानं म्हणाल्या, "पाहा, एका दिवसात कशी रुळली तुमची लेक!"

गोकुळाला तिथल्या तिथं थुंकावंसं वाटलं. बाईंची तर किळस आलीच. पण स्वतःच्या पोटच्या पोरीचीही आली, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. तिनं फॉर्म फाडला. "राहू द्या बाई. आमची पोरगी सरकारी शाळेत जाईन." मग रिकामं ताट उचलून ती लच्छूशेजारी मांडी घालून बसली. "वाढा," म्हणाली.

लच्छूनं मान वर केली नाही. सगळी पंगत बघत राहिली, आणि दामिनी शरमेनं लालबुंद झाली.

घरी जाताना दामिनी आईच्या बाजूनं चालली नाही. चार पावलं मागून येत होती. गोकुळा तिच्यासाठी थांबली की तीही थांबत होती.