दोन वीत आखूड

मित्रांनो, मी एक जुना काळा झगा आहे. आमच्या फ्रीटाउन शहरातल्या कॉलेजात विद्यार्थी वर्गात आणि परीक्षेला जाताना अंगावर चढवतात, तसला. मी खालून दोन वीत आखूड आहे. पण त्यावरून मला कुणी हिणवू नये, कारण त्याचाच मला अभिमान आहे.

जन्मतः मी झगा नव्हतोच. एबेनेझर सुतार वारला तेव्हा त्याच्या बायकोने, केझायाने, शिवलेला मी तिचा शोकाचा पोशाख होतो. चांगला घोळदार! आमच्याकडे विधवेने वर्षभर काळे घालायचे, वर्ष भरले की कबरीपाशी जाऊन ते फाडून टाकायचे आणि मग सगळ्यांना जेवू घालायचे. पण वर्ष भरायच्या आतच मुलगा जोनास कॉलेजात निवडला गेला. झग्याशिवाय वर्गात प्रवेश नव्हता आणि घरात काळे कापड म्हणजे मीच. केझायाने मला मांडीवर घेऊन बराच वेळ कुरवाळले आणि मग कात्री चालवली.

चर्चमधल्या बायकांनी नाके मुरडली. थोरली नणंद डॉर्कस तर दारातूनच कडाडली, “केझाया, माझ्या भावाची माती अजून ओली आहे आणि तू काळं उतरवलंस?”

“उतरवलं नाही, वन्सं. पोराच्या अंगावर घातलंय. बापासाठी आता तो घालतोय काळं.”

डॉर्कस पाय आपटत निघून गेली. त्यानंतर शनिवारी कसाव्याच्या फुफूच्या गोळ्यांचे जेवण असायचे, त्याला बोलावले तरी ती आली नाही.

कॉलेजात मात्र मी ऐटीत वावरलो. इतरांचे झगे विलायतेहून बोटीने आलेले. माझ्यावर जुन्या बटणांची भोके तशीच होती.

“ही भोकं कशाला रे ठेवलीस?” जोनासचा मित्र ब्राइट चिडवायचा.

“लॅटिन शिकताना तापायला होतं. तेवढाच वारा!”

वर्ष भरले आणि नेमकी पुढच्याच आठवड्यात परीक्षा आली. शोकाचे कापड फाडण्याचा मान घरातल्या थोरल्या बाईचा, म्हणजे डॉर्कसचा. मी फाटलो असतो तर जोनासची परीक्षा बुडाली असती. कबरीपाशी डॉर्कसने हात पुढे केला. रीत ती रीत. जोनासने मला अंगातून काढून दिले. मी पुरता घाबरलो होतो.

तिची बोटे माझ्या विरलेल्या बाहीवर थांबली. “हे कोपर कशानं झिजलं?”

“टेबलावर टेकून, आत्या. वाचताना.”

“कुठल्या टेबलावर?”

“बाबांनी केलेल्या.”

डॉर्कसच्या डोळ्यांत पाणी आले. तिने माझी खालची वीतभर पट्टी टर्रकन फाडली आणि कबरीवर ठेवून वर दगड ठेवला. “भावाचा वाटा त्याला पोचला. बाकीचा पोराचा.” मग मला जोनासच्या खांद्यावर टाकत म्हणाली, “ध्यान दिसशील आखूड झग्यात. पण नापास झालास तर माझ्याशी गाठ आहे!”

त्या दिवशी ती जेवायला आली आणि तिने दोनदा वाढून घेतले.

जोनास पास झाला, शिक्षक झाला. त्याला नवा लांब झगा मिळाला. मी पेटीत पडलो आणि झुरळांनी माझी कॉलर कुरतडली. फार वाईट वाटायचे. पण डॉर्कस वारली तेव्हा जोनासने नवा झगा खुंटीला टांगून मला बाहेर काढले. वर्षभर मलाच घालून तो शाळेत गेला आणि वर्ष भरल्यावर माझी दुसरी वीत त्याने आत्याच्या कबरीवर ठेवली.

तर मित्रांनो, जुने कपडे पेटीत कुजू देऊ नका. त्यांना ऊन दाखवा, कडुलिंबाचा पाला घाला. मलाही अजून नीट टिकायचे आहे. केझाया आता खूप म्हातारी झाली आहे आणि तिचा वाटा अजून माझ्याकडे आहे.