सव्वा फुटावरून पाणी

लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या एका भिंतीवर पंचशीलाला तिच्या आईचे हात दिसले.

माणसाहून हातभर उंच पोस्टर होतं. त्यावर एक ओंजळ, ओंजळीत वरून पडणारी पाण्याची धार आणि अगदी वरच्या कडेला तांब्याचं तोंड. ओतणाऱ्याचा हात कापलेला, पिणारीचा चेहरा कापलेला. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं : ‘बहात्तरचा दुष्काळ आठवतो? तेव्हा पाणी कुणी पाजलं?’ त्याच्याही खाली, प्रश्नाचं उत्तर म्हणून, उमेदवार व्यंकटराव हसत होते.

हात आईचेच होते. डाव्या करंगळीचं वरचं पेर बाहेरच्या अंगाला वाकलेलं होतं. दुष्काळी कामावर खडी फोडताना त्यावर हातोडी बसली होती, आणि ती बसली तेव्हा अकरा वर्षांची पंचशीला शेजारीच पाटी भरत होती.

आता ती तेवीस वर्षांची होती. नांदेडच्या कॉलेजातून रसायनशास्त्रात बी. एस्सी. झालेली, नव्या लातूर जिल्ह्याच्या भाड्याच्या इमारतीतल्या एका कचेरीत विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासणारी. जिल्हा होऊन अडीच वर्षं झाली होती. कचेऱ्यांवरच्या पाट्यांचा रंग ताजा होता, आणि पाऊस पुन्हा दोन वर्षं दगा देत होता. त्यामुळे निवडणुकीत दुष्काळाला बाजारभाव आला होता. यंदाच्या दुष्काळावर बोलायचं तर टँकर का येत नाही ते सांगावं लागतं. जुन्या दुष्काळाचं तसं नसतं. तो मुकाट्याने पोस्टरवर चढतो. त्या साली साऱ्या देशातून धान्य आलं, परक्या देशाची लाल मिलो ज्वारी आली, शाळांतून सुकडी शिजली, लाखो माणसांनी रस्त्यांवर खडी फोडली. बारा वर्षांनी तो सगळा दुष्काळ व्यंकटरावांच्या एका तांब्यात मावला होता.

पंचशीलाला राग आला. पण राग आला की मोजमाप घ्यायची तिला सवय होती. पिशवीतून तिने पट्टी काढली. पोस्टरवरची काचेची बांगडी साडेसात इंच भरली. आईची बांगडी अडीच इंचांची. म्हणजे चित्र तिप्पट. ओंजळ ते तांब्या हे अंतर चित्रात पंचेचाळीस इंच, म्हणजे खरं पंधरा. कॅमेरा तिरका असेल, इंच-दोन इंचांची चूक धरली, तरी पाणी साधारण सव्वा फुटावरून पडत होतं.

ओंजळीत पाणी घालायला चार बोटांचं अंतर पुरतं. बाकीचं फूटभर अंतर कशासाठी होतं, हे गंजगोलाईतल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारलं असतं तरी त्याने मान खाली घालून सांगितलं असतं. ज्यांनी पोस्टर छापलं त्यांना तेवढं दिसलं नव्हतं. किंवा इतक्या वर्षांच्या सवयीने त्यात दिसण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

पोस्टरच्या कोपऱ्यात नांदेडच्या छापखान्याचं नाव होतं. रविवारी ती एस. टी.ने नांदेडला गेली. छापखान्यातून फोटोवाल्याचा पत्ता मिळाला. संगप्पा नावाचा साठीचा माणूस, जुना फोटो स्टुडिओ, दारात वरातीतल्या जोडप्यांच्या तसबिरी.

“हे हात माझ्या आईचे आहेत,” ती म्हणाली.

संगप्पाने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि स्टूल पुढे केलं. “बस पोरी. मुरुडच्या अलीकडं, रस्त्याचं काम चालू होतं, तिथलेच का तुम्ही? व्यंकटरावांच्या मळ्याजवळ?”

“हो. मला पूर्ण फोटो बघायचाय.”

“ते कुणी न्हाई मागितला. व्यंकटरावांचे शेषेराव आले, म्हणाले, नुसते हात द्या. मी म्हणलं, मालकाचा फोटो बी हाय की ह्यात. तर म्हणाले, मालक नको, धोतर नको, हातच पाहिजेत.”

त्याने पत्र्याच्या डब्यातून निगेटिव्ह काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं होतं, तरी पंचशीलाला वाचायला वेळ लागला नाही. बारा वर्षांपूर्वीचे व्यंकटराव पूर्ण हात लांबवून तांब्या तिरपा करत होते. दुसऱ्या हाताने त्यांनी धोतराचा सोगा गुडघ्याच्या वर उचलून धरला होता, ओंजळीवरून उडालेला थेंब लागू नये म्हणून. तोंड दुसरीकडे वळवलेलं. मागे दगडी हौद, आणि हौदात तोंड घालून दोन बैल पाणी पीत होते.

“हौद भरलेला होता,” ती म्हणाली.

“हाव. त्या विहिरीला पाणी होतं ना. लई होतं.” संगप्पाने निगेटिव्ह खाली ठेवली. “एक सांगतो, सांगावं का नाही कळंना. पहिल्या बारीला माझा फोटो हलला. म्हणून मी मालकाला म्हणलं, पुन्हा एकदा ओता. अन् बाईला म्हणलं, माय, ओंजळ जरा वर धर. दुसऱ्या बारीचा हा फोटो.”

“आणि पहिल्या वेळचं पाणी?”

“सांडलं.”

“प्यायला दिलं नाही तुम्ही?”

“फोटोच्या नादात न्हाई राहिलं ध्यानात.” तो डोळे पुसायच्या बेतात होता, पण पंचशीलाच्या चेहऱ्याकडे बघून त्याने तो बेत रद्द केला. मोठी प्रत काढून दिली आणि पैसे घेतले नाहीत. बारा वर्षांपूर्वी सांडलेल्या पाण्याची एवढ्यात फेड झाली असं त्याला वाटलं असावं.

गावातल्या घरी आईने, गुणाबाईने, फोटो दारातल्या उजेडात धरला. पन्नाशीची, उंच, शब्दांना काटकसरी बाई. दुष्काळानंतर नवरा वारल्यापासून तिने दुसऱ्यांच्या रानात खुरपून मुलीला शिकवलं होतं.

“बैलं बघ कसे निवांत पिऊन राहिले,” ती म्हणाली.

“माय, मी ह्याच्या दहा प्रती काढते. प्रत्येक पोस्टरच्या शेजारी चिकटवते. लोकांना कळू दे.”

“लोकांना काय कळायचं ऱ्हायलंय? ते सगळे तवा तितंच होते की, पंचे.”

तेवढ्यात जीप आली. आधी शेषेराव उतरले, व्यंकटरावांचा उजवा हात, खादीचा सदरा, कपाळाला घाम. मागून सफारीतला एक तरुण उतरला. तो पुण्याहून आणलेला जाहिरातवाला. पंचशीलाने रीतीप्रमाणे पाणी पुढे केलं.

“नको नको, आत्ताच पिऊन आलो,” शेषेराव उंबऱ्याबाहेर उभ्यानेच म्हणाले. जाहिरातवाल्याने घटाघट दोन पेले संपवले आणि तिसरा मागितला. शेषेराव आभाळाकडे बघू लागले, जणू ढग शोधत होते.

“गुणाबाई,” ते म्हणाले, “नशीब काढलंस बघ. परवा बाजाराच्या दिवशी मुरुडात सभा हाय. मालक तुला स्टेजवर बोलावून राहिले. साडीचोळी, हार, समदं. तुला फकस्त एवढंच करायचं—”

“मी सांगतो,” जाहिरातवाला पुढे सरसावला. “आजी, आपण तोच क्षण पुन्हा घ्यायचा. तीच ओंजळ, तोच तांब्या, त्याच विहिरीचं पाणी. बारा वर्षांनंतर! लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत.”

“एक विचारू?” पंचशीला म्हणाली. “तांब्या एवढा उंच का धरायचा?”

“अहो, उंचीमुळेच तर मजा आहे! धार लांब पडते, उन्हात चमकते. मूळ फोटोची सगळी ताकद त्या धारेत आहे. ज्याने कुणी तेव्हा हे सुचवलं ना, त्याला दृष्टी होती.”

“खाली धरून घेतलं तर?”

“फ्लॅट होईल. काय शेषेराव?”

शेषेरावांचा चेहरा उतरला. त्यांना सगळं माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हे त्या पोरीला कळलं आहे, हेही. “साहेब, चला, अजून लातुरातली माणसं भेटायचीत,” ते पुटपुटले.

“मी येते,” गुणाबाई म्हणाली.

पंचशीला चमकली. जीप गेल्यावर ती जवळजवळ ओरडलीच. “पुन्हा ओंजळ धरणार तू? साडीसाठी?”

“साडी हाय मला.”

“मग कशाला जातेस?”

“माजे हात त्यांनी न इचारता नेले,” गुणाबाई म्हणाली. “माघारी आणाया नगं?” आणि फोटो तिने ट्रंकेत, सगळ्यात खाली, पंचशीलाच्या डिग्रीच्या कागदाखाली ठेवून दिला.

पुढचे दोन दिवस पंचशीला आईशी धड बोलली नाही. आई स्टेजवर वाकली, ओंजळ धरली, तर ते चित्र यावेळी साऱ्या जिल्ह्यात जाईल, आणि त्यात जबरदस्ती दिसणार नाही, राजीखुशी दिसेल. बारा वर्षांपूर्वी तहान तरी होती.

सभेला गर्दी चांगली होती. बाजारात आलेली माणसं आयतीच मिळाली होती. स्टेजवर व्यंकटराव आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना खुर्च्यांवर नऊ-दहा प्रतिष्ठित. टेबलावर चकचकीत तांब्या, त्याला झेंडूचा हार. हार माणसांना कमी पडला असता, पण तांब्याला आधी घातला होता. पुढच्या रांगेत फोटोवाले, त्यांच्यात जाहिरातवाला, हातवारे करत.

व्यंकटराव बोलू लागले. त्या साली आपल्याला रात्र रात्र झोप नव्हती, असं ते म्हणाले. आपली विहीर गोरगरिबांसाठी खुली होती, असंही म्हणाले. बायांच्या बाजूला बसलेली म्हातारी कोंडाबाई मोठ्याने खोकली. त्या विहिरीवर, कुणी ओंजळीत ओतेल म्हणून, ती दुपार दुपार उभी राहिली होती.

“आणि ही बघा आपली गुणा,” व्यंकटरावांनी हात पसरला. “त्या दिवसाची साक्ष!”

गुणाबाई पायऱ्या चढली. स्वच्छ पांढरं लुगडं, हात मोकळे सोडलेले. व्यंकटरावांनी तांब्या उचलला. ते आपोआप एक पाऊल मागे सरकले, हात आपोआप लांब झाला, दुसरा हात धोतराकडे गेला. कुणी शिकवलं नव्हतं. हाडांना पाठ होतं. फोटोवाले गुडघ्यांवर बसले.

ओंजळ वर आली नाही.

“ओंजळ, आजी, ओंजळ!” खालून जाहिरातवाला कुजबुजला, ते माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं.

“तांब्या द्या,” गुणाबाई म्हणाली.

“अं?”

“तांब्या माज्या हातात द्या, व्यंकटराव. माजी मी पिते.”

जन्मभर तिने त्यांना मालक म्हटलं होतं. पहिल्या काही रांगांत कुजबूज थांबली. व्यंकटरावांनी फोटोवाल्यांकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं आणि हसू तसंच ठेवून तांब्या पुढे केला. दुसरं काय करणार होते? तिने तो दोन्ही हातांत घेतला, तोंडाला लावला आणि सावकाश प्याली. घाई नव्हती तिला. गळ्याची घाटी वरखाली होताना पंचशीलाने मोजलं : सात घोट. मग पदराने तोंड पुसून तिने तांब्या परत पुढे केला.

“अर्धा हाय अजून. आता तुमी प्या. तुमच्याच विहिरीचं हाय.”

खालून एकजण ओरडला, “प्या की मालक, ऊन लई हाय!” आणि हशा पिकला. तो हशा मागपर्यंत गेला, मिरचीच्या ढिगांपर्यंत, जनावरांच्या दावणीपर्यंत.

व्यंकटरावांनी तांब्या घेतला. बोटांच्या टोकांनी, काठाला. ओठांपर्यंत मात्र तो गेला नाही. “मतदारांचं... मतदारांचं प्रेम,” असं काहीतरी म्हणत त्यांनी तो शेषेरावांकडे दिला. शेषेरावांनी शेजारच्या सभापतींकडे, सभापतींनी पुढच्या खुर्चीकडे. दुष्काळात सर्वांना पाणी पाजणाऱ्या त्या तांब्याने स्टेजवरचे सगळे प्रतिष्ठित फिरून पाहिले, एकालाही तहान लागली नाही, आणि शेवटच्या खुर्चीवाल्याने तो टेबलाखाली ठेवला. लाउडस्पीकरवर पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं गेलं. गुणाबाई साडीचोळी न घेताच उतरली.

जाहिरातवाला पंचशीलाजवळ आला, गोंधळलेला. “नेमकं काय बिघडलं हो? सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.”

“पंधरा इंच,” ती म्हणाली. त्याला काही कळलं नाही, आणि तिने समजावलंही नाही. बी. एस्सी.ला तीन वर्षं लागली होती. हा विषय त्याहून लांब होता.

आठवड्याभरात गंजगोलाईतल्या हातांवर नवी पोस्टरं चढली. त्यांत व्यंकटराव एकटेच, हात जोडून, पाण्याचा उल्लेख नाही. दुष्काळ आता कुणालाच आठवायला नको होता.

मतदानाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, शेषेराव चालत आले. जीप दूर उभी होती. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि ते त्यांनी कागदाच्या पिळाला धरलं होतं, मेलेला उंदीर शेपटीला धरावा तसं.

“मालकांनी पाठवलंय,” ते म्हणाले. “तुमच्याकडंच राहू द्या म्हणाले. भेट म्हणून.”

पंचशीलाने कागदाच्या फटीतून पाहिलं. तांब्या होता. घासलेला नव्हता, हार तसाच सुकून चिकटलेला. त्या घरात आता तो चालत नव्हता. टाकून देणं चांगलं दिसलं नसतं, म्हणून दान करून टाकला होता.

तिच्या तोंडात जे आलं ते बोलायला ती पुढे झाली, पण गुणाबाई आधीच दारात आली होती. शेषेराव वाकून पुडकं ओट्यावर ठेवत होते.

“तितं नगं,” गुणाबाई म्हणाली.

“मग कुठं ठेवू?”

तिने हात पुढे केला. सरळ, उघडा, करंगळी वाकडी. “हातात द्या.”

शेषेरावांनी पुडकं कागदासकट पुढे धरलं, वरून, सोडून देण्याच्या बेतात. गुणाबाईचा हात तसाच राहिला, खाली गेला नाही, की झेलायला वर आला नाही. “कागूद काढा,” ती म्हणाली, “अन् खाली या जरा.”

त्यांनी कागद काढला. त्यांचा हात खाली आला. एक फूट, अर्धा, चार बोटं. मग तांब्याच्या गार बुडाखाली गुणाबाईची बोटं आणि शेषेरावांची बोटं एकमेकांना लागली. तांब्या आत गेला. शेषेराव वळले आणि जीपकडे जाण्याआधी त्यांनी वाटेच्या दोन्ही बाजूंना मान वळवून पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना.

पंचशीला बघत होती. तिने हात वर करून त्यांना ते दाखवूनही दिलं.