विसावं मूल

ताईंनी दारातच पोरीच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. मग त्यांनी वाकून तिच्या तोंडाचा वास घेतला. संत्र्याच्या चवीच्या त्या औषधाचा वास ताईंच्या चांगलाच ओळखीचा होता. कामावर जाणाऱ्या आया सकाळी तापाचं औषध चमचाभर पाजतात, मूल बिनबोभाट आत येतं आणि अकराच्या सुमाराला तव्यासारखं तापतं. पाळणाघर चालवताना ताईंनी अशी कितीतरी पोरं दारातूनच परत पाठवली होती. आजारी मूल आत नाही म्हणजे नाही, मग आई रडो नाहीतर भांडो.

"रात्री जराशी कणकण होती," शिलाई कारखान्यात काम करणारी तिची आई म्हणाली. नजर जमिनीवर. "आता एकदम ठणठणीत आहे, ताई."

ताईंनी मागे वळून पाहिलं. आत एकोणीस मुलं होती. अनुदान हवं असेल तर तपासणीच्या दिवशी वीस मुलं हजर पाहिजेत, असा सरकारचा नवा नियम आला होता. एक जरी कमी भरलं तरी पुढच्या महिन्यापासून पाळणाघराला कुलूप. मग या आयांनी पोरं कुठे ठेवायची, ते मात्र त्या कागदात कुठेच नव्हतं.

"दे इकडे ठकीला," ताई म्हणाल्या.

आई क्षणभर बघतच राहिली आणि त्यांचा विचार बदलायच्या आत धूम पळाली. ताईंना स्वतःचीच लाज वाटली.

तपासनीस दहाला येणार होते. सरकारी दहा कधी वाजतात ते सरकारलाच ठाऊक. साडेदहाला ठकी खेळ सोडून ताईंच्या मांडीवर येऊन पडली. अकराला तिचं अंग भाजायला लागलं. मदतनीस मावशींनी थर्मामीटर पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. आईला फोन लावून उपयोग नव्हता. कारखान्यात फोन दारावरच काढून घेतात.

"मी नेते दवाखान्यात," मावशी म्हणाल्या.

"कुणीही नेलं तरी मागे एकोणीसच उरतात."

"मग आता?"

तेवढ्यात ठकीचे डोळे वर गेल्यासारखे वाटले. पोरीला खांद्यावर टाकून ताईंनी चपला सरकवल्या, तोच दारात तपासनीस उभे.

"कुठे निघालात?"

"दवाखान्यात. पोरीला फार ताप चढलाय."

साहेबांनी ठकीकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. "पाचच मिनिटं थांबा. मोजून घेतो, मग खुशाल जा. बाहेर गेलेलं मूल मला धरता येत नाही हो."

ताई थांबल्या.

नवा माणूस बघून पोरांना चेव आला. साहेब मोजत मोजत बारापर्यंत पोचले आणि दोघांनी जागा बदलल्या.

"अरे, तुला मोजलं का मी?"

पुन्हा एकपासून. मावशी पोरांना भिंतीशी बसवत होत्या, पोरं खिदळत उठत होती. ताईंच्या मानेवर ठकीचा श्वास चटके देत होता. "आई," ती पुटपुटली. गळ्याभोवतीचा तिचा हात सैल पडला.

ताई गल्लीच्या वळणावर पोचल्या तेव्हा मागून साहेबांची हाक आली.

"अहो ताई, झालंच होतं की! एकच राहिलंय, एकच!"

ताईंनी पोरीला घट्ट धरलं आणि त्या पळायलाच लागल्या.