सहा शेजारी

संशोधन करणाऱ्या पोरीला आईचा फोन आला, "जेवलीस का गं?" बाहेर कुणीतरी स्कूटरला लाथा घालत होतं. प्रयोगशाळेत यंत्रातले, स्क्रूने आवळलेले दोन हिरे काचेचा कण चेपत बसले होते.

साध्या काचेत सिलिकॉनच्या अणूला ऑक्सिजनचे चार शेजारी असतात. प्रचंड दाबाखाली सहा होतात. ते मोजलं की पोरीचा प्रबंध पुरा होणार होता. ती जेवून आली, तर यंत्र सांभाळणाऱ्या काकांनी स्क्रू सैल केलेले.

"काका, हे काय केलंत?"

"हिरे तडकले असते, बाई!"

तिने घाईघाईने मोजलं. दाब गेला तरी कण दाटलेलाच राहिला होता, पण शेजारी पुन्हा चार.

"दोघं बिऱ्हाड सोडून पळाले!" ती रडकुंडीला आली.

ती जेवत असताना तिच्या मार्गदर्शक बाईंनी दाबाखालचं मोजमाप घेऊन ठेवलं होतं.