देव्हाऱ्याजवळची नमुन्याची बाटली

मित्रांनो, मी सांगते त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. आधी नीट पारखून घ्या. मी काचेची एक जुनी बाटली आहे, आणि माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवल्यावर काय होतं, तीच माझी गोष्ट आहे.

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या बाजूला पामतेल शुद्ध करण्याचा एक छोटा कारखाना आहे. परदेशातून जहाजानं आलेलं कच्चं, तांबूस तेल टँकरमधून घाट चढून इथं येतं. ते तापवतात, एका खास मातीतून गाळतात, त्याचा वास उडवतात आणि मग डब्यांत भरतात. कारखाना नवा होता तेव्हा थोरले मालक, ज्यांना सगळे आबा म्हणत, त्यांच्या हातून एकदा असं तेल उतरलं की पाहणारा पाहतच राहावा. कोवळ्या उन्हासारखं पिवळं, आणि वास म्हणाल तर कसलाच नाही. आबांनी ते माझ्यात भरलं, बूच घट्ट बसवलं, वर लाख ओतली आणि सगळ्यांना बोलावून सांगितलं, "ह्येच्यापरीस वाईट तेल आपल्या दारातनं भाईर जायचं न्हाय."

त्या दिवसापासून मी नमुना झाले. नवीन तेल उतरलं की कृष्णात नावाचा कामगार ते काचेच्या नळीत घेई, माझ्याशेजारी उजेडात धरी आणि एक डोळा बारीक करून रंग ताडून पाही. तेल माझ्यापेक्षा तांबडं दिसलं की परत गाळायला जाई. सुरुवातीला असं पुष्कळदा होई. कृष्णात कपाळावर हात मारून घेई, पण तेल सोडत नसे.

पुढं आबा वारले. त्यांचे चिरंजीव धैर्यशील फार मायाळू. त्यांनी मला कपाटातून काढलं आणि कचेरीच्या खिडकीत, देव्हाऱ्याला लागून, आबांच्या तसबिरीपुढं ठेवलं. सकाळी समई लागे. मला गंध, फूल मिळे. खंडेनवमीला यंत्रांच्या आधी माझी पूजा होई. मला ते सगळं आवडायचं, खोटं कशाला सांगू? पण दुपार कलली की पश्चिमेचं ऊन थेट माझ्या पोटात शिरे, आणि समईची धग तर रोजचीच. आत काहीतरी हळूहळू बदलतंय, अशी शंका मला येऊ लागली. पण कुणाला सांगणार? तोंडावर लाख होती.

आणखी एका गोष्टीनं माझा संशय वाढवला. कृष्णातनं तेल परत पाठवणं कमी कमी होत गेलं. पुढं माती थोडी कमी घातली तरी तेल माझ्याशी जुळायचं. टाकी धुवायला चार दिवस उशीर झाला तरी जुळायचं. सगळे म्हणाले, "आता हात बसला बघा." मी मनात म्हणाले, हात बसला, की मीच घसरले?

अशात अंजना कारखान्यात आली. जयसिंगपूरची, तेलाच्या तपासणीचं शिक्षण घेतलेली. पहिल्याच दिवशी तिनं माझ्याकडं टक लावून पाहिलं आणि विचारलं, "दादा, आपण प्रत्येक तेल या बाटलीशी ताडतो. ही बाटली कशाशी ताडतो?"

धैर्यशील हसले. "अगं, देवाला कोण कशाशी ताडतं?"

"दुसऱ्या चांगल्या कारखान्यांचं तेल आणून शेजारी ठेवलं तर?"

"आपली बरोबरी आपल्या आबांशी. लोकांशी कशाला?"

मला मात्र या मुलीचाच संशय आला. ही मला इथून काढायला आलीय, असं माझ्या मनानं घेतलं. तिनं जवळ येऊन वाकून पाहिलं की मी समईच्या उजेडात जरा जास्तच चमकायची.

मार्गशीर्ष सरत आला होता. एका सकाळी मुरगूडच्या शालूबाई तेलाचा डबा घेऊन कचेरीच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या गल्लीत दत्ताचं देऊळ आहे. दत्तजयंतीला प्रसादाची बुंदी तळण्याचा मान त्यांच्या सासूबाईंपासून त्यांच्या घरात. शालूबाईंचा गुरुवार कधी चुकला नव्हता, आणि नैवेद्य त्या कधी चाखत नसत. त्याचा वाससुद्धा घ्यायचा नाही, अशी सासूबाईंची शिकवण. यंदा बुंदी दोन दिवस आधी तळून, झाकून ठेवलेली. आरती झाली, प्रसाद वाटला, आणि पहिल्याच पोरानं तोंड वाकडं करून तो थुंकला. बुंदी खवट झाली होती.

"गाव म्हणतंय, शालूबाईनं जुनं तेल वापरलं. देवाच्या कामात चोरी केली म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "येत्या गुरुवारी मंडळाची बैठक हाय. मान काढून घेणार हाईत."

कृष्णातनं डब्यात डोकावून पाहिलं. "मावशी, तेल गोठलंय म्हून घाबरलाय व्हय? पामचं तेल थंडीत गोठतंयच की. त्यात भेसळ न्हाय."

"गोठल्यालं मलाबी दिसतंय, मी काय आंधळी न्हाय! वासाचं बोला."

"मग तुमी एकदा तापवल्यालं तेल परत..."

"जिभंला हाड हाय का तुझ्या? मुरगूडास्नं येष्टीत डबा मांडीवर घिऊन मी काय उगंच आलोय व्हय?"

धैर्यशीलांनी दोघांना शांत केलं. त्या खेपेच्या तेलाची नळी आणवली आणि माझ्याशेजारी धरली. रंग तंतोतंत जुळला. "बघा मावशी. आबांच्या हातचा नमुना हाय. आमची चूक न्हाय."

शालूबाईंनी डब्याचं झाकण लावायला घेतलं. कायद्याच्या परीक्षेतही ते तेल पास झालं होतं, पण अगदी काठावर. अंजना हळूच म्हणाली, "दादा, जुळलं हे खरं. पण आबांचं तेल एवढं तांबडं होतं का?"

कृष्णातनं माझ्याकडं पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचे दोन्ही डोळे उघडे होते. "न्हवतं," तो पुटपुटला. "पिवळं हुतं."

"लाख फोडून बघू," अंजना म्हणाली.

धैर्यशील एकदम उठले. "आबांच्या हातची लाख हाय ती! पुजेतली वस्तू हाय!"

तेव्हा शालूबाई पदर सावरत पुढं आल्या. "बाळ, मी नैवेद्य चाखला न्हाय, तुमी बाटली उघडली न्हाय. दोघंबी भक्तीच करत हुतो. आन् देवाच्या दारात पोरानं प्रसाद थुकला. आता तुमीच सांगा, ह्यात देवाला काय पोचलं?"

धैर्यशीलांनी तसबिरीकडं पाहिलं. मग मला हातात घेतलं, कपाळाला लावलं आणि चाकूच्या टोकानं लाख उचकटली. मला वाटलं, संपलं माझं. बूच निघालं आणि जो वास सुटला, मित्रांनो, त्यानं माझीच मला लाज वाटली. देवापुढं बसून मी खवट झाले होते. माझ्याशी जुळता जुळता सगळं तेलही माझ्यामागून खाली उतरलं होतं.

त्या गुरुवारी धैर्यशील स्वतः मुरगूडला गेले. देवळात सगळ्यांसमोर हात जोडून त्यांनी सांगितलं, "तेल आमचं होतं. मावशींच्या हाताला बोल लावू नका." मान शालूबाईंकडंच राहिला. आता त्यांनीही एक नवी रीत घातलीय. स्नान करून प्रसादाची चूल पेटवायच्या आदल्या दिवशीच त्या नव्या तेलात दोन पापड तळून चाखतात. "तेल अजून देवाचं झाल्यालं नसतंय," त्या म्हणतात, "तवर त्याची परीक्षा घ्यायला माजी सासूबी आडवायची न्हाय."

कारखाना मात्र एका दिवसात सुधारला नाही. अंजनानं बाजारातून इतरांचं उत्तम तेल आणून आमच्या तेलाशेजारी ठेवलं, तेव्हा आमचा क्रमांक बराच खाली लागला. कृष्णात दोन दिवस जेवला नाही नीट. माती पुन्हा पुरेशी घालावी लागली, टाक्या वेळेवर धुवाव्या लागल्या, दर थोडा वाढवला तर काही गिऱ्हाइकं तुटली. धैर्यशील चिडत, मग गप्प होत, मग टाकीत वाकून स्वतः बघत. अजूनही असंच चाललंय.

मला त्यांनी फेकलं नाही. कढत पाण्यानं धुतलं आणि अंधाऱ्या, गार कपाटात ठेवलं. माझ्यात आता ताजं तेल असतं, आणि ते जुनं व्हायच्या आत बदलतात. गंध नाही, फूल नाही. सुरुवातीला मला फार चुकल्यासारखं वाटलं.

मित्रांनो, तुम्हीही कुणालातरी नमुना मानत असाल. एखादी वस्तू असेल, एखादी रीत असेल, एखादं माणूस असेल. जरूर माना, नमस्कारही करा. पण त्याला उन्हात ठेवून विसरू नका. अधूनमधून बूच काढून बघा. त्यानं अपमान होत नाही. मी तर म्हणते, तीच खरी काळजी.

तेल बदलताना कृष्णात मला रिकामी करतो, पुसतो आणि आत नाक घालून खोल श्वास घेतो. त्या वेळी मी जीव मुठीत धरून थांबते.

"काय वास न्हाय," तो म्हणतो.

तेवढं ऐकलं की मला पुरतं.