सातवं नाव

कॉलेजातल्या ख्रिस्ती बंधुसंघाचा इतिहास जेमतेम एका पानाचा, पण तो म्हणताना भल्याभल्यांना घाम फुटायचा. नव्या उमेदवारानं शनिवारी दुपारी सगळ्या बंधूंसमोर उभं राहायचं, पहिल्या बैठकीतल्या बायबलवर हात ठेवायचा आणि घडाघडा म्हणायचं. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. तीनदा चुकला की वर्षभर बाहेर.

एझ्रा टॅकेट मात्र शांत उभा होता. पान त्याला तोंडपाठ होतं. चूक तो ठरवून करणार होता.

"एकोणीसशे शहाऐंशीचा ऑक्टोबर," त्यानं सुरुवात केली. "कॉलेजात दारूच्या पार्ट्यांना ऊत आलेला. येशूची संगत धरून भावाभावांसारखं राहायचं ठरवून सात जणांनी वसतिगृहाच्या कपडे धुण्याच्या खोलीत गुडघे टेकले..."

"सहा," अध्यक्ष ब्रँट होलब म्हणाला. "पहिल्यापासून."

"लेका, सुरुवातीलाच गार!" मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

आठवड्यापूर्वी एझ्रा सुट्टीला घरी गेला होता, तेव्हा हेच पान मोठ्यानं पाठ करत होता. आई अक्रोडासारखे पेकन फोडत बसली होती. 'सहा' ऐकलं आणि तिचे हात थांबले.

"सात होते. सातवा तुझा बाप. ड्रायरवर चढून बसायचा आणि गाणं तोच धरायचा."

मग तिनं सगळंच सांगितलं. लग्नाआधीच तिला दिवस गेले. संघाची शपथ मोडली म्हणून रॉइसचं, म्हणजे बाबांचं, नाव कटाप झालं. त्यानं पंधरा दिवसांत लग्न केलं, कॉलेज सोडलं आणि पवनचक्क्या दुरुस्त करायला लागला. "पण तुझी ताई, जूनिया, रात्री रडली की एकदाही मला उठू दिलं नाही रे त्यानं," आई म्हणाली. "खांद्यावर टाकून तीच गाणी म्हणायचा."

बाबा नुसते हसले होते. "सहाच म्हण, पोरा. माझं काय अडलंय? तू आत जा म्हणजे झालं."

एझ्रानं पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा 'सात' म्हणाला.

"टॅकेट!" ब्रँट वैतागला. "मुद्दाम करतोयस का?"

"हो. सातवे माझे बाबा. त्यांना बाहेर ठेवून मला आत यायचं नाही."

हसू विरलं. पुढच्या रांगेत पास्टर हार्लन मेबरी बसले होते. सहा संस्थापकांपैकी एक. दर वर्षी नव्या पोरांच्या डोक्यावर हात ठेवायला ते यायचे. आता ते मान खाली घालून बसले होते.

"शेवटची वेळ," ब्रँट जरा नरमाईनं म्हणाला. "वर्ष जाईल रे."

"जाऊ दे."

एझ्रानं खणखणीत आवाजात तिसऱ्यांदा म्हटलं. सात जण. सहा नावं घेतली आणि त्यांना जोडून 'रॉइस टॅकेट' म्हणाला. ब्रँटनं तोंड उघडलं, इतक्यात पास्टर उठले.

"त्याचं चुकलेलं नाही. ते नाव पानावरून मी स्वतः ब्लेडनं खरवडलंय. एकवीस वर्षांचा होतो, देवापेक्षा मलाच जास्त कळायचं. घरात बाळ येणार म्हणून आम्ही भाऊ टाकून दिला! पोर बघायलासुद्धा कुणी गेलं नाही."

ब्रँटनं पान उचललं. 'सहा' खोडलं.

"पूर्ण नाव काय?"

"रॉइस इलायजा टॅकेट."

त्यानं ते नीट लिहिलं, सगळ्यांना वाचून दाखवलं आणि म्हणाला, "ये आत, बंधू."

डोक्यावर हात ठेवताना पास्टरनी हळूच विचारलं, "बाप घरी असेल का रे?"

"आज? कुठल्या तरी पवनचक्कीवर चढलेले असतील."

"मग मी खाली उभा राहीन. उतरेलच कधीतरी. तुझ्या बहिणीचा पत्ताही दे."

"आधी बाबा," एझ्रा म्हणाला, आणि गाडीची किल्ली शोधायला लागला.